अकरावीनंतरच्या सुट्टीत बायोमेडिकल इंटर्नशिप: गोव्यात कुठे विचारावं?

पालक_फोंडा
नमस्कार. मुलगी अकरावी सायन्सला आहे. मे महिन्यात तीन-चार आठवडे एखाद्या बायोमेडिकल प्रयोगशाळेत काम करायची तिची फार इच्छा आहे. गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) विचारावं का? अमेरिकेतल्या उन्हाळी इंटर्नशिपना इथून अर्ज करता येतो का? पैसे भरून ऑनलाइन 'रिसर्च इंटर्नशिप' मिळते, ती घेण्यासारखी असते का? आणि मेडिकलच्या प्रवेशाला याचा काही उपयोग?

पठारावरून
ताई, शेवटचं आधी सांगतो. एमबीबीएसचा प्रवेश नीटच्या क्रमवारीवर होतो, इंटर्नशिपला तिथे एकही गुण नाही. काम शिकायचं असेल तरच करावं, आणि त्यासाठी अकरावीनंतरची सुट्टीच योग्य. बारावीच्या मे महिन्यात नीट असते.

गोमेकॉपासून सुरुवात करू नका. रुग्णांचे केसपेपर, रक्ताचे नमुने यांवरच्या संशोधनाला आधी एथिक्स कमिटीची मंजुरी लागते, आणि त्या कामात बाहेरच्या अल्पवयीन विद्यार्थ्याला घ्यायला कोणीही कचरेल. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) एसटीएस ही अल्पकालीन संशोधनाची योजना मेडिकल-डेंटलच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. विज्ञान अकादमींची समर फेलोशिप कॉलेजचे विद्यार्थी आणि शिक्षक यांच्यासाठी. म्हणजे शाळकरी मुलांसाठी उरतो तो मुख्यतः एकच मार्ग: एकेका शास्त्रज्ञाला स्वतंत्रपणे विचारणं.

विचारण्यासारख्या जागा: ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठातले सूक्ष्मजीवशास्त्र आणि जैवतंत्रज्ञान हे विषय, झुआरीनगरला बिट्स पिलानीचा जीवशास्त्र विभाग, दोनापावलाला एनआयओत (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत) समुद्री सूक्ष्मजीवांवर काम करणारे गट, पणजीत गोवा फार्मसी कॉलेज. एनआयओ ही सीएसआयआर या केंद्राच्या वैज्ञानिक परिषदेची संस्था, आणि सीएसआयआरचा शाळांसाठी 'जिज्ञासा' कार्यक्रम आहे. त्याची चौकशी हायर सेकंडरीच्या प्राचार्यांमार्फत केलेली बरी. रोज ये-जा जमेल अशीच जागा निवडा, अल्पवयीन मुलांना हॉस्टेल मिळणं कठीण असतं.

मेल फेब्रुवारीतच जायला हवा, आणि तो मुलीने स्वतः लिहावा. दीडशे शब्द पुरेत. पन्नास जणांना एकच मजकूर पाठवला की तो लगेच ओळखू येतो आणि उत्तर येत नाही. त्या शास्त्रज्ञाचा एक लेख वाचून त्यातली अडलेली गोष्ट विचारावी, उदाहरणार्थ: 'आकृती 2 मध्ये नियंत्रण (तुलनेचा नमुना) म्हणून नुसतं इथेनॉल का ठेवलं आहे?' मग तारखा, रोज किती तास येऊ शकते, आणि 'मीडिया (जिवाणूंचं खाद्य) बनवणं, जिवाणूंच्या वसाहती मोजणं, नोंदी ठेवणं यांतलं कुठलंही काम चालेल' हे वाक्य. 'मला कर्करोगावर संशोधन करायचं आहे' असं लिहिणाऱ्या मुलीला द्यायला कोणाकडेच काम नसतं. वसाहती मोजायला तयार असलेलीला ते असतं. दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर एक आठवण, मग पुढचं नाव.

सूक्ष्मदर्शक
अमेरिकेचं थोडक्यात: स्टॅनफर्ड विद्यापीठाचा एसआयएमआर हा उन्हाळी कार्यक्रम आणि एनआयएच या अमेरिकी सरकारच्या आरोग्य-संशोधन संस्थेची उन्हाळी इंटर्नशिप, दोन्हींना अमेरिकेचं नागरिकत्व किंवा कायम वास्तव्याचा परवाना लागतो. पोर्तुगीज पासपोर्टचा इथे उपयोग नाही, गोव्यात हा प्रश्न हमखास येतो म्हणून लिहिलं. अर्ज भरण्याआधी पात्रतेचं पान वाचा.

पैसे घेणाऱ्या ऑनलाइन कोर्सबद्दल: मार्गदर्शक कोण, त्यांनी स्वतः काय प्रसिद्ध केलंय, विद्यार्थ्याच्या हातात कच्ची आकडेवारी येते का, हे विचारा. 'पेपर छापून देऊ' अशी हमी कोणी देत असेल तर पैसे भरू नका. घरी बसून खरंच काही शिकायचं तर इमेज-जे हे चित्रं मोजायचं सॉफ्टवेअर फुकट आहे. सूक्ष्मदर्शकाच्या चित्रातल्या पेशी आधी हाताने मोजायच्या, मग सॉफ्टवेअरने, आणि फरक का पडला ते शोधायचं. बहुतेकदा एकमेकींना चिकटलेल्या पेशी एकच धरल्या जातात.

प्रयोगवही
चार आठवड्यांत बसेल एवढाच प्रश्न घ्या. भिरंडाचा (कोकमाचा) हंगाम मेमध्येच असतो, म्हणून तेच उदाहरण: सालीचा अर्क जिवाणूंची वाढ रोखतो का? ई. कोलाय के-12 किंवा बॅसिलस सबटिलिससारखे निरुपद्रवी जिवाणू, अर्कात भिजवलेल्या 6 मिमीच्या कागदी चकत्या, प्लेटेत 4 मिमी जाडीचा अगर (जिवाणू वाढवायची जेली), 35 ते 37 अंशांवर 18 ते 24 तास. रोगजंतू नकोत.

चकतीभोवती स्वच्छ, म्हणजे जिवाणू न वाढलेलं, वर्तुळ दिसलं की मुलं 'औषधी गुण सिद्ध' असं लिहून मोकळी होतात. पण भिरंड आंबट आहे! वर्तुळ नुसत्या आम्लामुळेही पडू शकतं. म्हणून तेवढ्याच पीएचचं सायट्रिक आम्ल एका चकतीवर, अर्क ज्यात काढला तो नुसता द्रावक दुसरीवर, ओळखीचं अँटिबायोटिक तिसरीवर, आणि सगळं तीन-तीन प्लेटांत. आम्लाची चकती आणि अर्काची चकती सारखंच वर्तुळ देत असतील तर तोच निष्कर्ष, आणि तो प्रामाणिकपणे लिहायचा. प्लेटा उलट्या ठेवा, नाहीतर झाकणावरचं पाणी टपकून वाढ फिसकटते. लाइट गेली तर किती वेळ गेली, ते वहीत हवं.

पहिला आठवडा मात्र पिपेटचा, म्हणजे थोडा द्रव मोजून ओढायच्या आणि सोडायच्या उपकरणाचा. 100 मायक्रोलिटर डिस्टिल्ड पाणी दहा वेळा तराजूवर सोडायचं, दर वेळी 0.1 ग्रॅमच्या जवळ आलं पाहिजे. जास्त येत असेल तर ओढताना अंगठा पिपेटच्या बटणाच्या दुसऱ्या थांब्यापर्यंत जातोय. कमी येत असेल तर बटण झटकन सोडल्याने टोकात हवा शिरतेय. हे हातात बसल्याशिवाय पुढच्या एकाही आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही.

पालक_फोंडा
खूप आभार. भिरंडाचा प्रयोग घरी किंवा शाळेत करून बघितला तर? आणि कागदपत्रं काय लागतील?

प्रयोगवही
अर्क काढून पीएच मोजण्यापर्यंत घरी चालेल. जिवाणू घरी वाढवू नका. शाळेत ऑटोक्लेव्ह (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करायचं यंत्र) आणि शिक्षक असतील तरच करा. वापरलेल्या प्लेटा ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंशांवर, 15 पौंड दाबाखाली 30 मिनिटं ठेवल्याशिवाय कचऱ्यात टाकायच्या नाहीत.

पठारावरून
प्राचार्यांचं ना-हरकत पत्र, पालकांचं संमतिपत्र, ओळखपत्राची प्रत. होकार आल्यावर द्या, पहिल्या मेलला काहीही जोडू नका. पुढे बंद बूट आणि पूर्ण बाह्यांचा सुती कोट लागेल. चपला घालून आलेल्या मुलांना आत घेत नाहीत.