बॅकअप घेतलाय, पण रिस्टोअर करून बघितलाय का?

लहान वेब होस्टिंगचा, म्हणजे लोकांच्या वेबसाइट आपल्या सर्व्हरवर ठेवायचा धंदा करताना दर पाडून ग्राहक ओढावेत, असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. सीपॅनेलने (होस्टिंगची खाती सांभाळायचं सॉफ्टवेअर) 2019 मध्ये खात्यांच्या संख्येनुसार परवाना शुल्क लावल्यापासून प्रत्येक स्वस्त खातं आपल्याच खिशाला चाट लावतं. अडचणीच्या वेळी फोन उचलणारा माणूस, हेच लहान होस्टिंगवाल्याचं खरं भांडवल.

त्याहून जपायचा तो बॅकअप. 10 मार्च 2021 ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा ज्यांचे बॅकअपही त्याच आवारात होते त्यांच्यातल्या अनेकांचा डेटा कायमचा गेला. म्हणून एक प्रत दुसऱ्या शहरात, शक्यतो दुसऱ्या कंपनीकडे ठेवा. आणि अधूनमधून एखादी साइट रिकाम्या सर्व्हरवर खरोखर उभी करून बघा. डेटाबेस नीट चढतोय का, लॉगिन होतंय का, इथपर्यंत. 'बॅकअप यशस्वी' असा मेल आला म्हणजे झालं, असं अजिबात नाही.

ईमेलचं दुखणं वेगळंच. एका ग्राहकाची वर्डप्रेसवर चालणारी साइट हॅक होऊन स्पॅम सुटला की सगळ्यांचा मिळून असलेला आयपी (सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता) ब्लॅकलिस्ट होतो आणि बाकीच्यांचे मेलही अडकतात. प्रत्येक खात्याला ताशी मेलची मर्यादा पहिल्या दिवसापासून लावा. काही जण कुरकुरतील, तरी लावाच.