स्पाइक गार्ड असूनही टीव्ही कसा उडाला?

स्पाइक गार्ड, म्हणजे विजेचा अचानक झटका अडवणारा बोर्ड, लावूनही टीव्ही गेला म्हणताय, तर आधी अर्थिंग बघा. गार्डमधला व्हॅरिस्टर (व्होल्टेज वाढलं की वाट मोकळी करणारा छोटा भाग) विजेचा जादा दाब बराचसा जमिनीकडे वळवतो. तिसऱ्या पिनमागे वायरच नसेल तर वळवणार कुठे? आमच्या साताऱ्याच्या जुन्या घरात वायरमनने त्या पिनला चक्क न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) जोडलेला! न्यूट्रल तुटला असता तर फ्रीजच्या पत्र्यातच करंट. मुरमाड जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, म्हणून वळवाआधी पाणी ओता. अर्थ टेस्टरवर (अर्थिंगचा रोध मोजणारं मीटर) ५ ओहमच्या आत आलं की बरं. केबलच्या वायरीतूनही वीज घुसते, हे बरेचजण विसरतात. बाहेरचा न्यूट्रल तुटून ४०० व्होल्टपर्यंत आले तर मात्र अर्थिंगही हात टेकतं, तिथे ओव्हर-व्होल्टेज कटऑफच (व्होल्टेज वाढलं की सप्लाय तोडणारं यंत्र) हवा. आमची आई तर ढग गडगडले की सरळ प्लगच काढते.