मदत हवी आहे: कोलॅजन वाढवलं की नक्की काय बदलतं?

नमस्कार मंडळी. मी ताळगावला राहते, एमएस्सीचा प्रकल्प चालू आहे. स्तनाच्या कर्करोगाच्या एमडीए-एमबी-२३१ पेशी उंदराच्या शेपटीच्या कोलॅजनच्या (पेशींभोवती जाळी विणणारं प्रथिन) जेलमध्ये वाढवतेय. पेशींभोवतीची जाळी घट्ट झाली की इंटेग्रिनमार्फत (पेशीला जाळीशी जोडणारं प्रथिन) फॅक हे पेशीच्या आत संदेश नेणारं विकर जागं होतं, पेशी आक्रमक होतात, इथवर ठीक. कर्करोग-संशोधक मीना बिसेल यांच्या गटाने तर १९९७ मध्ये बीटा-१ इंटेग्रिन अडवून त्रिमितीय कल्चरमधल्या (म्हणजे जेलच्या आत वाढवलेल्या) कर्करोगी पेशींना जवळपास निरोगी पेशींसारखी ठेवण दिली होती!

माझं घोडं वेगळ्याच ठिकाणी अडलंय. कोलॅजन १ वरून ३ मिग्रॅ प्रति मिली केलं की जेल कडक होतं, पण छिद्रंही बारीक होतात आणि पेशींना धरायला जागाही वाढतात. मग पेशींचे लांब फाटे आखडले, ते नेमकं कशामुळे? पॉलिअ‍ॅक्रिलामाइडच्या कृत्रिम जेलवर कडकपणा तेवढा वेगळा बदलता येतो, पण तिथे पेशी पृष्ठभागावर बसतात, आत रुतत नाहीत.

कोलॅजनमध्ये अल्जिनेट (समुद्री शेवाळातला, कॅल्शियमने घट्ट होणारा पदार्थ) मिसळून कुणी केलंय का? कॅल्शियम किती ठेवलंत? आणि जेल घट्ट होईपर्यंत पेशी तळाशी बसू नयेत म्हणून प्लेट उलटी करता का? (पावसात इथे वीज सारखी जाते, त्यामुळे जेल घट्ट व्हायला लागणाऱ्या ३७ अंशांचा भरवसा नसतो.) पणजी-म्हापशाकडे रिओमीटर (जेलचा कडकपणा मोजायचं यंत्र) वापरू देणारं कुणी असेल तर तेही कळवा.