मदत हवी: पाड्यावरच्या घरांसाठी कुठली चूल घ्यावी? (घाई आहे)

पाडा_मास्तर: मोखाड्यात शिक्षक आहे. सातवी-आठवीच्या मुली सकाळी सरपणाला जातात, शाळेत पोचतात तेव्हा परिपाठ केव्हाच झालेला असतो. काही येतच नाहीत. एक दाता चाळीस घरांना सुधारित चुली द्यायला तयार आहे, शुक्रवारपर्यंत मॉडेल कळवायचंय. धूर कमी, लाकूड कमी. वापरलेल्यांनीच सांगा.

पुणेकर_७१: इंडक्शन घ्या. आम्ही गॅस बंदच केलाय.

सह्यवारा: पावसाळ्यात मोखाड्यात लाइट किती टिकते ठाऊक आहे का? आणि नागलीची भाकरी शेकणार कशावर?

पुणेकर_७१: तव्यावरच फुगते. हिला विचारून सांगतो.

शेणखत: बायोगॅसला तोड नाही. 2 घनमीटरचं संयंत्र, रोज 50 किलो शेण, झालं.

पाडा_मास्तर: जनावरं दोघातिघांकडेच. उन्हाळ्यात प्यायचं पाणी टँकरने येतं. चुलीचं बोला हो!

शेणखत: पाणी शेणाइतकंच लागतं फक्त.

सह्यवारा: 🙏

नीता_जोशी: सर, उज्ज्वला 2016 पासून आहे. गॅस किती घरांत आहे?

पाडा_मास्तर: बहुतेक सगळ्यांकडे. शेगडी फळीवर, सिलिंडर रिकामा. राज्याच्या अन्नपूर्णा योजनेतून वर्षाला तीन सिलिंडर फुकट आहेत, पण आधी पूर्ण पैसे भरायचे, मग खात्यात येणार. मजुरी नसताना ते आणायचे कुठून? गाडी पाड्यापर्यंत येत नाही ते वेगळंच.

नीता_जोशी: हे आधी लिहायचं ना! उज्ज्वलात 5 किलोचाही सिलिंडर मिळतो. एजन्सीत विचारा, एका वेळी कमी पैसे लागतात.

रानजाई: मी जव्हारकडची, मोळ्या वाहिल्यात. आमच्या घरी अशी चूल आली होती. तिच्या तोंडात मनगटाएवढं लाकूड जायचं नाही, सगळं बारीक फोडून द्यावं लागायचं. कोयता माझ्याच हातात. धूर कमी झाला हे खरं, आईचा खोकलाही. पण माझी सकाळ गेलीच. कधी लाकूड फोडणं, कधी धाकट्याला सांभाळणं. शिवाय आंघोळीचं पाणी तापायचं जुन्या चुलीवरच, म्हणजे मोळी होतीच. सर, दिवाळीनंतर पाड्यात किती घरं राहतात?

पाडा_मास्तर: निम्मी. बाकीची वीटभट्टीला, भिवंडी-वसईकडे. मुलीही जातात.

सह्यवारा: आणि हे तुम्ही आत्ता सांगताय! बांधीव चूल मग बादच. उचलून नेता येईल अशी पत्र्याची बघा. त्याहीपेक्षा हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव टाका, मुली गावातच राहतील.

पाडा_मास्तर: प्रस्तावाचं माहीत आहे. दाता चुलीचेच पैसे देतोय.

रानजाई: मग चाळीस एकदम नका घेऊ. दोन आणा, ज्या घरात मोठं पातेलं चढतं तिथे द्या, आणि लाकूड कोण फोडतंय ते बघा.

पुणेकर_७१: ही म्हणते फुगते, पण तवा लोखंडी हवा.

पाडा_मास्तर: दोन चुली शुक्रवारच्या आत नाशिक किंवा पालघरला कुठे मिळतील?

रानजाई: व्यनि (खासगी निरोप) केलाय.