टू-स्ट्रोकच्या पेट्रोल-भानगडी: आधी काय वाटलं, शेवटी काय निघालं?

पोराला गेल्या दिवाळीत ४९ सीसीची चिनी डर्ट बाइक घेतली. दोरी ओढून चालू होणारी, माझ्या गुडघ्याएवढी. फक्त शेतात चालवायची या अटीवर. महिनाभर झकास चालली, मग रोज एकच रड. दहा मिनिटं पळायची आणि गुदमरून बंद. दोरी ओढून ओढून खांदा निखळायची वेळ. पाच मिनिटं बांधावर बसलं की पहिल्याच ओढीत चालू!

मी कार्बोरेटर चार वेळा खोलला. जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची पितळी नळी) फुंकले, प्लग बदलला, पेट्रोलचा फिल्टर बदलला. शेवटी एकदा बंद पडली तेव्हा पोरानं किती पेट्रोल उरलंय बघायला टाकीचं झाकण फिरवलं, तर ‘फुस्स’ आवाज झाला. झाकणातलं हवेचं भोक मातीनं गच्च बुजलं होतं. पेट्रोल खाली उतरायचं तर तेवढी हवा वरून आत यायला हवी. ती येईना, म्हणून टाकी स्वतःच पेट्रोल ओढून धरत होती. थांबलं की कुठून तरी थोडी हवा शिरायची. टाचणीनं भोक मोकळं केलं, खर्च शून्य. त्याआधीचा खर्च सांगत नाही, बायको हे वाचते.

तर हा धागा त्यासाठी. डर्ट बाइकच हवी असं नाही. आरएक्स, शोगन, लुना, स्कूटर, सगळं चालेल. फक्त तीन गोष्टी लिहा: काय झालं, आधी तुम्हाला काय वाटलं आणि शेवटी काय निघालं. मधला भाग लपवू नका, खरी मजा तिथंच आहे.

तांबडा_पांढरा

कोल्हापूर. आरएक्स १३५, लाइट-इंडिकेटर सगळं उतरवून मातीत चालवायला केलेली. टू-स्ट्रोकला वंगणाचं ऑइल पेट्रोलबरोबरच इंजिनात जावं लागतं. ते सोडणारा ऑइल पंप काढून टाकलेला, ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचो.

दोस्तानं सांगितलं, एअर फिल्टरचा डबा काढ, उघडा फिल्टर लाव, गाडी उडते. लावला. आणि खरंच उडली की भावा! असला आवाज, असला पिकअप, मी म्हटलं हे आधी का नाही केलं. जेट मात्र तोच जुना ठेवला. हवा वाढली, पेट्रोल तेवढंच. म्हणजे गाडी लीन झालेली (हवेच्या मानानं पेट्रोल कमी) आणि मी खुशीत. मरायच्या आधी लीन गाडी सगळ्यात भारी पळते, हे तेव्हा कोण सांगणार?

प्लग काढून बघितला तर पांढराफटक. इंजिन तापतंय म्हटल्यावर मी डोकं चालवलं: ऑइल वाढवूया. लिटरला ४० मिली घालत होतो, ते ६० केलं. इथं माझी अक्कल संपली. जेटमधून जाणार तेवढंच, त्यात ऑइल जास्त म्हणजे पेट्रोल कमी. लीन गाडी आणखी लीन केली मी स्वतःच्या हातानं. तिसऱ्या दिवशी सरळ पट्ट्यात फुल्ल थ्रॉटलला पिस्टन धरला (तापून सिलिंडरमध्ये अडकला), मागचं चाक जागेवर लॉक. बोटं क्लचवर होती म्हणून दात शाबूत आहेत. रिबोअर (सिलिंडर आतून कोरून घेणं), नवा पिस्टन, घरी आठ दिवस शिव्या.

आता काही बदललं की आधी मेन जेट (फुल्ल थ्रॉटलला पेट्रोल देणारा) मोठा टाकतो. मग फुल्ल थ्रॉटलला पळवून क्लच दाबायचा, त्याच क्षणी इंजिन बंद करायचं आणि प्लग काढायचा. कोऱ्या चहाचा रंग दिसेपर्यंत जेट एकेक नंबर खाली आणायचा. पांढऱ्यापेक्षा काळा बरा, धूर होईल पण पिस्टन राहील.

पाना_नंबर_दहा

मी साताऱ्याकडं गॅरेज चालवतो, तीस वर्षं होत आली. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, ‘चोक खराब आहे, चोक ओढल्याशिवाय चालतच नाही.’ अहो, जादा पेट्रोल देणारा तो चोकच बिचारा गाडी चालवतोय! पायलट जेट बुजलेला असतो. रेस सोडली की त्या बारक्या भोकातून पेट्रोल यायला पाहिजे, ते येत नाही, म्हणून चोकवर जगते.

एक साहेब घरूनच साफ करून आले होते, शिवणाच्या सुईनं. जेट पितळेचा, सुई पोलादाची. भोक मोठं झालेलं. मग म्हणाले, आता धूर फार करते, प्लग सारखा ओला होतो. होणारच.

वायरमधली तांब्याची एक बारीक तार घ्या, ती मऊ असते. जेट काढून उन्हाकडं धरायचा. आरपार गोल, स्वच्छ ठिपका दिसला पाहिजे. ठिपका अर्धा किंवा कडेला धूसर असेल तर तो साफ झालेला नाही, कितीही फुंका.

आगोट

कुडाळजवळ घर. शोगन पावसाळाभर पडवीत ताडपत्रीखाली उभी होती. गणपतीत काढली तर किकला नुसतं फुर्र फुर्र. मला वाटलं मॅग्नेटोत (ठिणगीसाठी वीज बनवणारा भाग) पाणी गेलं. कॉइल काढली, वाळवली, दीड दिवस त्यात गेला. आमचा गणपतीही दीड दिवसाचाच.

मग मेहुण्यानं कॉकची (टाकीखालच्या पेट्रोलच्या तोटीची) नळी काढून काचेच्या बाटलीत पेट्रोल घेतलं आणि बाटली खिडकीत ठेवली. जरा वेळानं खाली बोटभर गढूळसर थर, वर पेट्रोल, मधे सरळ रेघ. पूर्वीही टाकीत पाणी जायचं, पण ते पाणी म्हणून तळाला बसायचं. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते आधी पाणी पिऊन घेतं, कळतही नाही, आणि पोट भरलं की पाण्यासकट खाली बसतं. कॉक तर टाकीच्या तळालाच.

यातली वाईट गोष्ट मला नंतर समजली. मी हौसेनं पंप बंद करून ऑइल टाकीत मिसळलं होतं, आणि ते वरच्या पेट्रोलबरोबर राहतं. खालच्या थरात ऑइल जवळजवळ नाहीच. म्हणजे त्या फुर्र फुर्रमध्ये गाडी चालू झाली असती तर बिनतेलाची पळाली असती. चालू झाली नाही हे नशीबच.

टाकी आतून गंजली होतीच. पसाभर नट टाकून दोघांनी टाकी सुपासारखी पाखडली. निघालेलं पाणी विटकरी रंगाचं होतं.

लुनावती

माझा अनुभव जुना. तेव्हा पंपावर ऑइलचं हातानं दाबायचं वेगळं यंत्र असायचं, ‘ऑइल किती?’ असं विचारायचे. मी कॉलेजला लुना न्यायचे. एकदा घरीच ऑइलची पिशवी फोडली, भरलेल्या टाकीत ओतली आणि लगेच निघाले. गल्लीच्या टोकाशी बंद. प्लग ऑइलनं निथळत होता. मी समजले पेट्रोलमध्ये भेसळ, पंपावर भांडायला निघाले होते! वडील म्हणाले, ‘अगं, ऑइल सरळ तळाला गेलं, मिसळलं कधी?’ तेव्हापासून ऑइल आधी, पेट्रोल वरून, आणि गाडी दोनदा डावी-उजवीकडे हलवायची.

बर्फातला_बंड्या

न्यू जर्सी. मुलीची ५० सीसी डर्ट बाइक नोव्हेंबरात गराजमध्ये ठेवली, एप्रिलमध्ये काढली. कॉक उघडला आणि कार्बोरेटरच्या ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोलची धार. कपडा शोधायला वळलो तर दहा फुटांवर गॅसचा वॉटर हीटर, आत निळी ज्योत. पेट्रोलची वाफ जमिनीलगत सरकते, हे शाळेत शिकलेलं त्या सेकंदाला आठवलं. कॉक बंद, शटर वर, गाडी ढकलत बाहेर.

फ्लोट (कार्बोरेटरची वाटी भरली की सुईनं पेट्रोल बंद करणारा तरंगता तुकडा) फुटला असेल म्हणून नवा मागवायला बसलो होतो. भारतातून बाबांनी फोनवर सांगितलं, ‘स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं कार्बोरेटरला दोन टिचक्या मार.’ मारल्या, धार थांबली. पाच महिन्यांत पेट्रोल सुकून चिकट झालं होतं, फ्लोटची सुई त्यात अडकली होती. नंतर खोललं तर वाटीच्या तळाला गुळाच्या पाकासारखा थर. आता हिवाळ्याआधी टाकी रिकामी करतो, कॉक बंद करून गाडी स्वतः मरेपर्यंत चालवतो, आणि हे सगळं बाहेर अंगणात.

तिसरी_किक

माझं थोडक्यात. रेस सोडली तरी इंजिन ओरडतच राहायचं. केबल बदलली, कार्बोरेटरमधली रेसबरोबर वरखाली होणारी स्लाइड घासली. कार्बोरेटर आणि इंजिनच्या मधलं रबर वाकवून बघितलं तेव्हा केसाएवढी चीर दिसली, न वाकवता दिसत नव्हती. तिथून फुकटची हवा जात होती.

पाना_नंबर_दहा

@तिसरी_किक, रबर बदलूनही तसंच राहिलं तर मॅग्नेटोच्या बाजूचं क्रँक सील (क्रँकच्या दांड्याभोवतीची रबरी रिंग) बघा, हवा तिथूनही शिरते. आणि पांढरा धूर येऊन गिअर ऑइल कमी होत असेल तर क्लचच्या बाजूचं. कार्बोरेटरला उगाच बोल लावू नका.

जुनी_आरएक्स

सध्या अडकलोय, म्हणून लिहितो. आरएक्स १००. झाकण मोकळं, जेट साफ, पेट्रोल ताजं, रबर नवं. तरी ४० च्या पुढं जात नाही, मेन जेट छोटा पडल्यासारखी. नवा जेट आणलाय.

पाना_नंबर_दहा

जेट राहू दे. सायलेन्सरच्या टोकाची नळी शेवटची कधी काढलीत?

जुनी_आरएक्स

ती निघते हेच माहीत नव्हतं! एक स्क्रू. नळी बाहेर यायला पकड लागली, भोकं डांबरानं लिंपल्यासारखी. खरवडून लावली. आत्ता बायपासला जाऊन आलो, शेजाऱ्यांनी धुराबद्दल तक्रार केलीय. नवा जेट कुणाला हवाय का?