यूएसबी वायफाय सारखं तुटतंय, काय करू?

सदाशिव पेठेतलं जुनं घर, भिंती दीड फुटी. राउटर पुढच्या खोलीत, पीसी माजघरात. नखाएवढा यूएसबी वायफाय अडॅप्टर सीपीयूच्या मागे, निळ्या पोर्टात लावलाय. लेकीचा ऑनलाइन क्लास दर दहा मिनिटांनी बंद पडतो, रडकुंडीला येते हो पोर.

उत्तर : ताई, निळा पोर्ट म्हणजे बहुतेक यूएसबी ३.०. त्याचा गोंगाट, म्हणजे रेडिओ लहरींचा अडथळा, २.४ गिगाहर्ट्झ या पट्ट्यातल्या वायफायवरच पडतो. मीटरभर एक्स्टेन्शन केबल घ्या, अडॅप्टर टेबलावर आणा. सीपीयूच्या पत्र्याच्या डब्याआड सिग्नल पोचणार कसा?

उत्तर : विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये अडॅप्टरची वीज वाचवायची टिकही काढा. वायफायचा दुसरा, ५ गिगाहर्ट्झचा पट्टा नको, जाड भिंतीत तो आणखी मरतो.

ताई : केबल आणली, अडॅप्टर दाराच्या चौकटीला चिकटवला. सिग्नलच्या दोन कांड्यांच्या चार झाल्या. आज अख्खा तास सलग झाला! मनापासून आभार.