एका मोदकासाठी पाच स्टार: मागावेत का?

किनाऱ्यावरून:
गुहागरजवळ आमचं सहा खोल्यांचं घरगुती निवास आहे, जोडीला खानावळ. हल्ली आमच्या भागात काहींनी गल्ल्यापाशी पाटी लावलीय: 'गूगलवर पाच स्टार द्या, एक उकडीचा मोदक मोफत.' घरचे म्हणतात, आपणही लावू. माझा ठाम नकार आहे. पुण्याहून लेकरंबाळं घेऊन निघालेलं कुटुंब त्या आकड्यावर विसंबून आमच्या दारात येतं. तो आकडा मोदक देऊन मिळवलेला असेल तर ती त्यांची फसवणूकच.

गेल्या मे महिन्यात एका पाहुण्यांनी एकच स्टार दिला, 'सकाळी गरम पाणी नव्हतं.' खरंच नव्हतं. रात्रभर वीज नव्हती, गीझर बंद. मी खाली उत्तर लिहिलं की चूक आमची, आता बंब आणलाय, वीज गेली तरी पाणी तापेल. त्यानंतर खोली ठरवताना दोघा-तिघांनी फोनवर स्वतःहून बंबाचा विषय काढला. शंभर वेळा 'खूप छान' लिहून आलं तरी एवढा विश्वास बसत नाही.

हिशेबनीस:
ताई, तुमचं उत्तर वाचायला माणूस आधी तुमच्या पानावर यायला हवा ना? तो यादीतला आकडा बघतो आणि पुढे सरकतो. हार्वर्डच्या मायकेल लुका यांनी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या रेस्टॉरंटांचा अभ्यास केला होता. येल्प या तिथल्या रिव्ह्यूंच्या साइटवर एक स्टार वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्के वाढतं, असं त्यात दिसलं. तेही स्वतंत्र रेस्टॉरंटांचं. मोठ्या साखळ्यांना फरक पडत नव्हता. म्हणजे मार बसतो तो तुमच्या-माझ्यासारख्यांनाच. पाहुणा खरा, जेवला खरं, मग मोदक दिला तर बिघडलं काय?

जागरूक:
बिघडतं. रिव्ह्यूच्या बदल्यात काहीही देणं गूगलच्या नियमांत बसत नाही, आणि असे रिव्ह्यू काढले जाऊ शकतात. आपल्याकडे २०२२ साली ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक आलं, पण ते ऐच्छिक ठेवलं. मला ते फार खटकतं. अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ पासून खोटे रिव्ह्यू विकण्या-घेण्यावर थेट दंडाचा नियम आहे.

हिशेबनीस:
नियम पाळणाऱ्यालाच जाच! माझ्या दुकानाला एकाच रात्री चार एक-स्टार आले. एकालाही मी ओळखत नाही, बिलही नाही. तक्रार केली, एकच काढला. उरलेले तीन मी कशाने भरून काढू?

किनाऱ्यावरून:
दादा, हा अन्याय आहे, आणि त्यावर माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. पण त्या तिघांखाली शांतपणे लिहा: 'या तारखेला तुमच्या नावाचं बिल सापडत नाही, कृपया दुकानात फोन करा.' वाचणाऱ्याला कळतं. आणि जुन्या गिऱ्हाइकांना जरूर सांगा की लिहा. फक्त किती स्टार द्यायचे ते सांगू नका, बदल्यात काही देऊ नका. समाधानी तेवढ्यांनाच निवडून विचारू नका. नाराज माणसालाही तीच विनंती करायची.

हिशेबनीस:
नाराजालाही? तेवढं धाडस अजून होत नाही. बिलाचं मात्र आज रात्रीच लिहितो.